न विचारता आत येणारा माणूस

कोल्हापूर सोडून पुण्याच्या दिशेने निघाले, की पंचगंगेच्या पुलापलीकडे शिरोली पुलाची हे गाव लागते आणि महामार्गाला खेटून शिरोली एमआयडीसी पसरलेली दिसते. वाळूचे साचे, भट्टीतून ओतला जाणारा लोखंडाचा रस, ग्राइंडिंगची किरकिर, मशीन शॉपमधून ट्रकवर चढणारी कास्टिंग्ज. फौंड्री म्हणजे पाळ्यांचे काम, त्यामुळे इथली रात्रही जागी असते. पूर्वी हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतली पोरे सायकलवरून कामाला येत. आता भट्टीजवळच्या कामावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगारही दिसतात. ठेकेदाराने घेतलेल्या खोलीत ते मिळून राहतात, आणि त्यांचे घर दीड-दोन हजार किलोमीटर लांब असते.

वसाहतीला तिचे पोलीस ठाणे आहे. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत तांब्याची वायर किंवा स्क्रॅप चोरीला गेले, की पहिला संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर आणि ठेकेदाराच्या माणसांवर जातो. ‘चौकशीसाठी बोलावलंय’ एवढाच निरोप येतो. तिथून दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाईपर्यंतचे २४ तास, आणि पुढे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला तर ते दिवस, हा माणूस पूर्णपणे पोलिसांच्या ताब्यात असतो. या काळात बाहेरचे कोण आत येऊन पाहू शकते? कोठडीतल्या छळाचा जगभरचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्यातले एक मोठे प्रकरण कोल्हापूरच्याच नावाने ओळखले जाते.

ते प्रकरण १८८१ सालचे. कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती चौथे शिवाजी होते. १८६३ साली जन्मलेला हा मुलगा १८७१ मध्ये दत्तक आला आणि लहान वयातच राजा झाला. संस्थानचा कारभार मात्र इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली कारभारी पाहत होते. पुढे महाराजांचे डोके ठिकाणावर नाही असे सरकारकडून सांगितले जाऊ लागले आणि त्यांच्यावर गोऱ्या माणसांचा पहारा बसला. राजवाड्याच्या आत काय चालले आहे हे प्रजेला कळण्याचा मार्ग उरला नाही. महाराजांना मारहाण होते, मुद्दाम वेडे ठरवले जाते, अशा वार्ता पुण्यापर्यंत पोचल्या.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे त्याच वर्षी जानेवारीत निघाली होती. टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीतले. त्यांनी महाराजांच्या छळाविरुद्ध कडक लेख लिहिले आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. त्यांचा आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. खटल्याच्या काळात त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन उभा करणारे रामशेठ उरवणे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी होते. विचारांची दरी असूनही सत्यशोधक मंडळी या दोघांच्या मागे उभी राहिली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस आगरकरांनी नंतर पुस्तकात लिहून ठेवले.

शाळेच्या पुस्तकांत हे प्रकरण टिळक-आगरकरांच्या पहिल्या तुरुंगवासापाशी संपते. ज्याच्यासाठी हे सगळे झाले त्या राजाचे पुढे काय झाले, ते फारसे कुणी विचारत नाही. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिक पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत, विसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. चौकशी झाली ती सरकारनेच केलेली, आणि पहारेकऱ्याला दोषी धरले गेले नाही.

पत्रे खोटी होती, मृत्यू खरा होता. या दोन वाक्यांच्या मधली जागा महत्त्वाची आहे. पहारा सरकारचा, डॉक्टर सरकारचे, अहवाल सरकारचा. दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असा कोणी माणूस आत जाऊन, महाराजांशी एकांतात बोलून, अंगावरच्या खुणा पाहून बाहेर आला असता, तर वर्तमानपत्रांना कुणी आणून दिलेल्या कागदांवर विसंबावे लागले नसते. निर्दोष कारभाऱ्याची बदनामी टळली असती आणि कदाचित राजाचा जीवही वाचला असता. दार बंद राहिले, की अफवा आणि छळ दोघांनाही मोकळे रान मिळते. कोल्हापूर प्रकरणातून निघणारा धडा देशभक्तीच्या गौरवात झाकला गेला, पण आजच्या कोठडीला तो जसाच्या तसा लागू पडतो.

याच गादीवर १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी पुढे एका वेगळ्या कोठडीचे दार उघडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. त्यांच्या माणसांना ठरल्या वेळी गावच्या पाटलाकडे किंवा पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली की पकडापकडी, आणि पकडापकडी म्हणजे मार. शाहूंनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याची कामे दिली. ज्यांच्यावर पहारा ठेवला जात होता, त्यांच्याच हाती पहारा दिला. ब्रिटिश मुलखात आणि नंतर स्वतंत्र भारतात हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडले. कागदावरून तो गेला, तरी चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय गेलेली नाही, हे महाराष्ट्रातला कुठलाही भटक्या-विमुक्तांचा कार्यकर्ता सांगेल.

आत जाऊन पाहणाऱ्या माणसाची कल्पना विसाव्या शतकात जिनिव्हामध्ये नीट आकाराला आली. झाँ-झाक गोतिए हे तिथले बँकर आणि वकील. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती युद्धकैद्यांना भेटी देते आणि त्या भेटींनी मारहाण कमी होते, हे त्यांनी पाहिले होते. युद्ध नसतानाही, सगळ्याच कोठड्यांना अशा भेटी का नकोत, असा त्यांचा सवाल होता. १९७७ मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा होता. छळ झाल्यावर खटला चालवायला पुरावा लागतो आणि पुरावा कोठडीच्या भिंतींआड असतो. छळ होण्याआधी कुणीतरी कधीही येऊ शकते एवढी धास्ती पुरेशी असते. १९८० मध्ये कोस्टा रिकाने हा मसुदा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला, पण अनोळखी माणसाला आपल्या तुरुंगात न विचारता येऊ देण्याची कल्पना बहुतेक सरकारांच्या पचनी पडली नाही.

युरोपने आधी पाऊल टाकले. तिथला छळ-प्रतिबंध करार १९८७ मध्ये झाला, १९८९ मध्ये अमलात आला, आणि त्यातून एक समिती उभी राहिली. सदस्य देशातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात, तुरुंगात, मनोरुग्णालयात ही समिती रात्रीअपरात्री जाऊ शकते, पहारेकऱ्याला बाहेर काढून कैद्याशी बोलू शकते. अहवाल गुप्त राहतो, पण सरकार दाद देत नसेल तर समिती जाहीर बोलते. तसे ती पहिल्यांदा बोलली डिसेंबर १९९२ मध्ये, तुर्कस्तानबद्दल. अंकारातल्या पोलीस मुख्यालयात समितीच्या लोकांना स्ट्रेचरसारखा एक बुटका पलंग सापडला होता. दोन्ही बाजूंना चार-चार पट्टे लावलेले. विजेचे झटके देताना आपल्याला ज्यावर बांधले जाई म्हणून कैद्यांनी वर्णन केले होते, तंतोतंत तोच. हा पलंग इथे कशाला, याचे पटण्यासारखे उत्तर पोलिसांना देता आले नाही. आधी वर्दी दिली असती तर तो पलंग त्या खोलीत राहिला असता का?

संयुक्त राष्ट्रांचा मुख्य छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ चा. भेटींची व्यवस्था सांगणारा त्याचा जोड-करार १८ डिसेंबर २००२ रोजी मंजूर झाला आणि जून २००६ पासून लागू आहे. तो दोन पातळ्यांवर चालतो. जिनिव्हाची २५ सदस्यांची उपसमिती देशोदेशी जाते, आणि प्रत्येक देशाला आपली स्वतंत्र भेट-यंत्रणा उभारावी लागते. आपल्या शेजारचे मालदीव यात २००६ पासून आहे, श्रीलंका २०१७ पासून.

भारताने मुख्य करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही म्हणजे इरादा. बंधन येते ते अनुसमर्थनाने, आणि ते आजतागायत झालेले नाही. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान या सगळ्यांनी ते केले आहे. मे २०१० मध्ये लोकसभेने एक छळ-प्रतिबंध विधेयक मंजूर केले, पण त्यात तक्रारीला सहा महिन्यांची मुदत आणि खटल्याला सरकारी परवानगीची अट होती. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले, समितीने बरेच सुधारले, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ मधल्या २७३ व्या अहवालात पुन्हा शिफारस केली आणि नवा मसुदाही जोडला. त्या प्रवर समितीचे अध्यक्ष राहिलेले अश्वनी कुमार सर्वोच्च न्यायालयात गेले, तर २०१९ मध्ये न्यायालयाने कायदा करणे हे संसदेचे काम असल्याचे सांगितले. मानवी हक्क परिषदेत दर काही वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो. २००८, २०१२, २०१७, २०२२ अशा भारताच्या चार फेऱ्या झाल्या आणि हा विषय पुन्हा पुन्हा निघाला. सही करून पाव शतक उलटून गेले. इतकी वर्षे थांबण्यासारखे कारण एकाही सरकारने लोकांपुढे ठेवलेले नाही, आणि ही खंत पक्षांच्या पलीकडची आहे.

म्हणून या बाबतीत भारताकडे काहीच नाही असे कुणी म्हणेल तर ते खोटे आहे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली. मग न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवले. अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत कैद्यांशी बोलून अहवाल द्या, असे काम त्यांच्याकडे होते.

फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने निकाल दिला. स्त्रियांची कोठडी वेगळी हवी आणि पहाऱ्याला स्त्री पोलीस हव्यात. अटक होताच कायदेशीर मदत समितीला कळवायचे. आरोपी समोर आला की दंडाधिकाऱ्याने स्वतःहून विचारायचे, पोलिसांनी छळ केला का, काही तक्रार आहे का, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्कही सांगायचा. शिवाय मुंबईच्या सत्र न्यायाधीशांपैकी एकाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, शहरातल्या कोठड्यांना अधूनमधून अचानक भेटी द्यायच्या. संयुक्त राष्ट्रांचा जोड-करार तेव्हा वीस वर्षे दूर होता आणि युरोपची समितीही जन्मलेली नव्हती. समाजकार्याच्या एका अध्यापिकेने अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून कैद्यांशी बोलणे, हीच पद्धत पुढे जगाने करारात लिहिली. मुंबईने ती आधी करून दाखवली होती. महाराष्ट्राने हे विसरून जावे, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

त्या निकालातला दंडाधिकाऱ्याचा प्रश्न आजही रिमांडच्या वेळी विचारला जातो. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी उभा असतो, त्याला आणणारे पोलीस हातभर अंतरावर असतात, आणि पीसीआर मंजूर झाला तर त्यांच्याच गाडीतून परतायचे असते. तो मान हलवतो. ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. कित्येक दंडाधिकारी पोलिसांना बाहेर थांबायला सांगतात, शर्ट वर करायला लावून पाठ बघतात. एवढ्याशा कृतीनेही उत्तर बदलते.

मार का थांबत नाही, याचे एक कारण पुराव्याच्या कायद्यातही आहे. १८७२ च्या कायद्याने पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून नाकारली. इंग्रजांचाही आपल्याच पोलिसांवर भरवसा नव्हता. पण त्याच कायद्याच्या कलम २७ ने एक वाट ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे ग्राह्य. नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कलम २३ मध्ये कायम आहे. म्हणजे चोरीच्या गुन्ह्यात मुद्देमाल हाती लागणे हेच सगळे. तपासाला वेळ नाही, माणसे कमी आहेत, वरून दट्ट्या आहे, फिर्यादी वजनदार आहे. अशा वेळी पोलिसी खाक्या हा जवळचा रस्ता वाटतो, आणि तो भोगावा लागतो बहुधा अशा माणसाला, ज्याच्यासाठी फोन करणारे कुणी नसते.

शिरोलीच्या कामगाराला सर्वात उपयोगी पडणारा नियम डी. के. बसू खटल्यातला आहे. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. १८ डिसेंबर १९९६ रोजी त्यातून अटकेचे ११ नियम आले. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. चौथा नियम मात्र दुर्लक्षित राहतो. अटक झालेल्याचे नातेवाईक जिल्ह्याबाहेर असतील, तर जिल्ह्याच्या विधी सेवा संस्थेमार्फत आणि त्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत ८ ते १२ तासांत तारेने कळवायचे. तार बंद झाली, कर्तव्य बंद झालेले नाही. कोल्हापुरात पकडलेल्या ओडिशाच्या पोराची बातमी त्याच्या आईला त्याच रात्री गावच्या ठाण्यातून मिळाली पाहिजे, असा या नियमाचा सरळ अर्थ आहे. वसाहतीतल्या प्रत्येक ठेकेदाराच्या खोलीवर हा एक नियम हिंदीत आणि ओडियात चिकटवला, तरी पुष्कळ फरक पडेल.

शिरोलीपासून तासाभराच्या अंतरावर सांगली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या संशयावरून आणलेला २६ वर्षांचा एक तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला. तो आणि त्याच्याबरोबरचा दुसरा संशयित पळून गेले, असे आधी सांगितले गेले. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला होता. घरचे लोक ठाण्यासमोरून हटले नाहीत, आणि दुसरा संशयित जिवंत होता, म्हणून हे उघड झाले. तपास सीआयडीकडे गेला आणि उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. स्टेशन डायरी, ठाणे अंमलदार, वरिष्ठांची फेरी, सगळी अंतर्गत व्यवस्था त्या रात्री जागेवर होती. नव्हते ते फक्त बाहेरचे कुणी.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात बाहेरच्या माणसाच्या जागी कॅमेरा ठेवला. देशातल्या प्रत्येक ठाण्यात, त्यात शिरोली एमआयडीसीचेही आले, फाटक, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे आवाजासह आणि रात्री दिसणारे कॅमेरे हवेत. चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष, जपायचे. देखरेखीला जिल्हा समिती, ज्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. समिती वाचली की उणीव दिसते: डॉक्टर नाही, वकील नाही, समाजकार्यकर्ता नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याच्या आणि कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून पुन्हा सुनावणी सुरू करावी लागली.

दरम्यान युरोपची नजर महाराष्ट्रात एका आडवाटेने पोचली आहे. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या वेळी, २०१८ मध्ये, लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातल्या १२ क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले. खिडकीतून दिवसाचा उजेड किती येतो हेही न्यायाधीशांना पाहायचे होते. २०२५ मध्ये मेहुल चोक्सीच्या प्रत्यार्पणासाठी भारताने बेल्जियमला लेखी हमी दिली. त्याच बराकीत त्याला निदान तीन चौरस मीटर मोकळी जागा मिळेल, युरोपच्या त्या छळ-प्रतिबंध समितीच्या निकषाप्रमाणे. युरोपियन न्यायालयांनी मागितले ते योग्यच मागितले. पण एका कोठडीचा उजेड आणि जागा मोजून देणे सरकारला जमते, तर ते कोल्हापुरातल्या कळंब्याच्या तुरुंगात आणि शिरोलीच्या लॉकअपमध्येही जमले पाहिजे.

कोल्हापूरकरांच्या हाती आता एक नवे साधन आले आहे. चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सांगलीचे ते ठाणे आणि आंबोलीचा घाट दोन्ही त्यात येतात. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला हजर करा, अशी याचिका टाकायला शिरोलीच्या कामगाराच्या मित्राला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. मुंबईसाठी १९८३ मध्ये दिला तसा, न्यायाधीशांच्या अचानक भेटींचा आदेश या सहा जिल्ह्यांतल्या कोठड्यांसाठी मागता येईल. शाहूंच्या नगरीतल्या वकिलांनी ती याचिका तयार करायला घ्यावी.